हेलिकॉप्टरची सुरक्षा तपासणी: आधी वजनाचा हिशोब स्वतः मांडा

सरकारी निरीक्षक हेलिकॉप्टर कंपनीच्या तळावर पोहोचतो तेव्हा फायली नीट लावलेल्या असतात, सह्या-शिक्के जागच्या जागी असतात. कागद आहे की नाही एवढंच पाहिलं तर तपासणी तासाभरात उरकते. कागदावरचा आकडा खरा आहे का, हे शोधायला मात्र पूर्ण दिवस लागतो आणि तो दिवस द्यायलाच हवा.

5 ऑगस्ट 2008 रोजी कॅलिफोर्नियातल्या वीव्हरव्हिलजवळ, वणवा विझवणाऱ्या जवानांना घेऊन निघालेलं सिकॉर्स्की एस-61एन उड्डाण करतानाच कोसळलं. 9 जण गेले. एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात-चौकशी संस्थेला आढळलं की हेलिकॉप्टरचं रिकामं वजन मुद्दाम कमी दाखवलं होतं, इंजिनाच्या शक्तीचा तक्ता बदलला होता, आणि सरकारी यंत्रणांची देखरेखही अपुरी होती. वैमानिकांनी गणित केलं होतं, पण त्यांच्या हाती आलेले आकडेच खोटे होते. म्हणून सुरुवात वजनापासून.

शेवटचा वजनाचा अहवाल आणि त्यासोबतची उपकरणांची यादी घ्या. वजनकाट्यांचं कॅलिब्रेशन त्या तारखेला वैध होतं का ते पाहा. मग यादी हातात धरून हेलिकॉप्टरभोवती फिरा: कार्गो हुक (खाली ओझं टांगायचा), विंच, सर्चलाइट, जादा सीट, बाहेरची बास्केट. यादीत नसलेली पण मशीनवर बसवलेली प्रत्येक वस्तू म्हणजे हिशोबाबाहेरचं वजन. वजन झाल्यानंतर काही बदललं असेल तर त्याची बेरीज-वजाबाकी आणि गुरुत्वमध्याची (जिथे सगळं वजन तोललं जातं त्या बिंदूची) नवी नोंद दिसलीच पाहिजे.

आता त्या दिवसाच्या उड्डाणाचं गणित वैमानिकाला तुमच्यासमोर करायला सांगा आणि तुम्ही स्वतंत्रपणे करा. अल्टिमीटर 1013 हेक्टोपास्कलवर लावला की प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या दाबावरून मोजलेली उंची मिळते. समजा ती 5000 फूट आहे आणि तापमान 30 अंश. त्या उंचीला प्रमाण तापमान 5 अंश. फरक 25 अंश. दर अंशाला साधारण 120 फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसारची उंची जवळपास 8000 फूट होते. म्हणजे पंख्यांना आणि इंजिनाला 8000 फुटांवरची विरळ हवा मिळणार. हा ढोबळ अंदाज. नेमकं वजन फ्लाइट मॅन्युअलच्या तक्त्यावरूनच काढायचं.

समजा तक्त्याप्रमाणे ग्राउंड इफेक्टबाहेर, म्हणजे जमिनीलगतच्या हवेचा आधार नसताना, हॉवर करण्यासाठी (एका जागी तरंगत राहण्यासाठी) कमाल वजन 2050 किलो येतं. रिकामं वजन 1360, वैमानिक 85, इंधन 250 लिटर. जेट इंधन लिटरमागे साधारण 0.8 किलो, म्हणजे 200 किलो. उरले 405 किलो. सामानासह 95 किलोचे चार प्रवासी म्हणजे 380, तेव्हा 25 किलोंची मोकळीक. पण खरं रिकामं वजन 1410 असेल, तर हेच उड्डाण 25 किलोंनी जास्त भरलेलं आहे आणि वैमानिकाला त्याचा पत्ताही नाही. प्रवाशांचं वजन अंदाजाने लिहिलेलं असेल तर तीही त्रुटीच. शक्य असेल तिथे काट्यावर उभं करून पाहा.

तक्ता कंपनीच्या फोल्डरमधला घेऊ नका. उत्पादकाच्या मंजूर मॅन्युअलची चालू आवृत्ती सोबत न्या आणि पान पानाशी ताडून पाहा. मॅन्युअलची पुरवणी याच हेलिकॉप्टरच्या सीरियल नंबरला लागू आहे का? तक्त्यात बऱ्याचदा हीटर बंद, एअर फिल्टर नाही असं गृहीत धरलेलं असतं, आणि मशीनवर दोन्ही असतात. त्यासाठीची वजावट विसरली जाते. इंजिनाच्या पॉवर चेकच्या (इंजिन ठरलेली शक्ती देतं का, त्या चाचणीच्या) नोंदीही महिन्याभराच्या सलग पाहा. मार्जिन हळूहळू घसरत असेल तर एका दिवसाच्या 'पास' शेऱ्याला अर्थ नाही.

टेक लॉग (उड्डाणाचे तास आणि बिघाड लिहायची वही) एकटा वाचू नका. इंधनाच्या पावत्या, ड्युटीचं रजिस्टर आणि ट्रॅकिंगची नोंद शेजारी ठेवा. इंधन दोन तासांचं जळलं आणि लॉगमध्ये सव्वा तास असेल, तर सुट्या भागांचं आयुष्यही चुकीचं मोजलं जातंय. एमईएल म्हणजे कोणता बिघाड दुरुस्त न करता किती दिवस उडता येतं, त्याची मंजूर यादी. तिच्यात 'बी' गटातल्या बिघाडाला 3 दिवस आणि 'सी' गटाला 10 दिवस मिळतात. मोजणी आढळल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तोच बिघाड 'दुरुस्त' म्हणून बंद करून दोन दिवसांनी नव्याने उघडला असेल तर मुदत वाढवण्याची ती पळवाट आहे.

मशीनपाशी थोडंच, पण हाताने तपासा. हुकचं इलेक्ट्रिकल आणि मॅन्युअल असं दोन्ही रिलीज चालवून पाहा. इंधनाचा नमुना पारदर्शक बरणीत घेऊन गोल फिरवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसतील. बरणीभर पाणीच आलं असेल तर तेही स्वच्छच दिसतं, म्हणून पाणी ओळखणारी चाचणी करायचीच. प्रवाशांना दिली जाणारी सूचना लांबून ऐका: समोरून, वैमानिकाच्या नजरेत राहून यायचं, शेपटीच्या पंख्याकडे फिरकायचं नाही, आणि उतारावर उभ्या हेलिकॉप्टरकडे चढाच्या बाजूने जायचं नाही.

जोखमीचा फॉर्म, म्हणजे उड्डाणाआधी वैमानिक हवामान वगैरे धोके मांडतो तो कागद, कधी भरला, ती वेळ पाहा. 26 जानेवारी 2020 ला कॅलिफोर्नियातल्या कॅलाबाससजवळ कोसळलेल्या एस-76बीच्या वैमानिकाने फॉर्म भरला होता, पण हवामान बिघडल्यावर तो नव्याने भरला नाही. नव्याने भरला असता तर वरिष्ठांचं मत घ्यावं लागलं असतं. फॉर्म सकाळी भरला आणि उड्डाण दुपारी झालं, असं किती वेळा घडलंय ते मोजा.

त्रुटी लिहिताना 'देखभाल असमाधानकारक' असली विशेषणं टाळा. नियमाचं कलम, पाहिलेली वस्तू, तारीख, आकडा लिहा. वजन किंवा तक्ता चुकला असेल तर अहवालाची वाट न पाहता तुमच्या अधिकारात ते हेलिकॉप्टर लगेच थांबवा. कंपनीचं उत्तर 'कर्मचाऱ्यांना पुन्हा समज दिली' एवढंच आलं तर परत पाठवा. चूक होऊ शकली ती कोणत्या पद्धतीमुळे आणि ती पद्धत कशी बदलली, हे उत्तरात हवं. नवा वजनाचा अहवाल आला की पुन्हा यादी हातात धरून हेलिकॉप्टरभोवती फेरी मारा आणि मगच त्रुटी बंद करा.