मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात नव्या स्वयंसेवकाचे स्वागत कसे करावे

डेबियन ही मुक्त संगणकप्रणाली घडवणारा प्रकल्प १९९३ पासून मुख्यतः स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावर उभा आहे. अशा ठिकाणी नवा माणूस पगारासाठी येत नाही. तो टिकेल की निघून जाईल, हे माझ्या मते त्याच्या पहिल्या कामाला मिळणाऱ्या उत्तरावरच बहुतांशी ठरते. म्हणून स्वागताची तयारी तो येण्याआधीच करून ठेवावी.

प्रथम सोपी कामे वेगळी काढावीत. लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या बगझिलामध्ये, म्हणजे चुका व कामे नोंदवण्याच्या जागी, ‘ईझी हॅक’ अशी खूण असलेल्या नोंदींत कामाची अवघडता, लागणारे कौशल्य आणि कोडमध्ये नेमके कोठे पाहावे, हे दिलेले असते; डेबियनमध्ये याच हेतूने ‘न्यूकमर’ ही खूण वापरतात. नुसती खूण मात्र पुरत नाही. जाणकाराचे दहा मिनिटांचे काम नवख्याच्या दोन संध्याकाळी घेऊ शकते, त्यामुळे कोणता बदल अपेक्षित आहे आणि अडल्यास कोणाला विचारावे, हेही नोंदीतच लिहावे. आणि ही कामे अनुभवी मंडळींनी सहज हाती लागली म्हणून स्वतः उरकून टाकू नयेत.

त्यानंतर मांडणीची, म्हणजे काम सुरू करण्यासाठी संगणक कसा तयार करावा याची, माहिती एकदा कोऱ्या संगणकावर पडताळून पाहावी. लिब्रेऑफिसचा पहिला बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करण्याची प्रक्रिया, साध्या संगणकावर कित्येक तास चालू शकतो. हे आधी सांगितले नाही, तर आपलेच काही चुकले असे समजून माणूस गप्प बसतो.

पहिला पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, आला की, तपासणीला वेळ नसला तरी, पोच लगेच द्यावी आणि सविस्तर उत्तर कधी मिळेल तेही कळवावे. या एका पायरीवर सर्वांत अधिक लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते, कारण दोन आठवड्यांचे मौन नवख्याला नकारासारखेच वाटते. तपासताना आधी बदल योग्य दिशेने आहे का ते सांगावे, मग महत्त्वाच्या एक-दोन चुका कारणांसह दाखवाव्यात. मोकळ्या जागा, नावांची पद्धत असे किरकोळ दोष शक्य तेथे स्वतः सुधारून काय बदलले ते कळवावे.

मराठी भाषांतरासाठी येणाऱ्यांना कोड येण्याची गरज नसते, पण त्यांना शब्दसूची आधी द्यावी. ‘फाइल’ ठेवायची की ‘धारिका’, हा वाद त्यांच्या पहिल्याच वाक्यावर उकरून काढू नये. लिब्रेऑफिसच्या मजकुरातील ~ हे चिन्ह कळफलकावरून आज्ञा देण्याचे अक्षर दर्शवते आणि टक्केचिन्हाने सुरू होणारी नावे जशीच्या तशी ठेवावी लागतात, हे उदाहरणासह समजावून द्यावे.

पहिले काम स्वीकारले गेल्यावर नावानिशी आभार मानावेत आणि त्याच संदेशात पुढचे काम सुचवावे. मांडणीच्या माहितीत जे अडले ते दुरुस्त करणे हे दुसरे काम म्हणून उत्तम, कारण त्या अडचणी त्याला अजून ताज्या आठवत असतात आणि जुन्या मंडळींना त्या दिसेनाशा झालेल्या असतात.