सायकलच्या कामाचा बाक घरीच कसा करावा

सायकल उलटी करा, सीट आणि हँडलवर ठेवा आणि करा काम, असं सांगणाऱ्याने एकदा त्या अवस्थेत मागचा ब्रेक लावून दाखवावा. डबल दांडीची साधी सायकल उलटी केली की ब्रेकच्या सळया वाकतात, घंटी फुटते आणि काम करणारा तासभर उकिडवा बसून कंबर धरत उठतो. सायकल कमरेच्या वर, हवेत लटकलेली हवी. त्यासाठी हजारोंचा तयार स्टँड लागत नाही. एक दणकट बाक, एक उभा खांब, एक आडवा हात आणि त्या हाताच्या टोकाला सायकल पकडणारा जबडा, एवढं पुरतं. बाक, खांब आणि हात सोपे आहेत. जबड्यापाशी बहुतेकांचं घोडं अडतं.

लाकडासाठी सागवानाच्या मागे लागू नका. आपल्याकडे बाभूळ आहे. बैलगाडीची चाकं आणि औतं ज्या लाकडाची होत आली, त्याला वीस-पंचवीस किलोची सायकल जड नाही. फक्त वखारीतून ओली बाभूळ उचलू नका. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर गेला की ती पिळते आणि तडकते, मग जबडा कितीही नीट केलेला असो, त्याची दोन अंगं जुळत नाहीत. सोलापूर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, मोडीत निघालेल्या हातमागाचं लाकूड मिळालं तर घासाघीस न करता घ्या, ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. करवत लावण्याआधी त्यावरून चुंबक फिरवा, आत खिळे दडलेले असतात.

बाक चार फूट लांब, दीड फूट रुंद, पावणेतीन फूट उंच. पाय तीन इंची, खाली एक फळी. सांगाडा कुठलाही सुतार करून देईल.

खालच्या फळीवर शहाबादी फरशीचे दोन-तीन तुकडे ठेवा. तीन सेंटिमीटर जाडीचा दीड बाय दीड फुटाचा एक तुकडा पंधरा किलोच्या आसपास भरतो. वजनाशिवाय हलका बाक सायकल लावताच पुढे कलंडतो. आणि हात बाकाच्या लांबीच्या दिशेनेच, म्हणजे आखूड बाजूकडून बाहेर काढा. रुंदीकडून काढलेल्या हाताला तोल सांभाळायला जेमतेम पाऊण फूट मिळतो, लांबीकडून दोन फूट. बाक भिंतीत ठोकायचा सल्ला देणारे भेटतील. भाड्याच्या घरात राहून पाहा म्हणावं.

आखूड बाजूच्या मधोमध जमिनीपासून साडेचार फुटांचा खांब बोल्टने आवळा. त्याच्या वरच्या टोकाजवळ दोन इंच जाड, तीन इंच उंच हात लावा आणि खाली तिरका टेका द्या. सीटचा दांडा ज्यात बसतो ते जबड्याचं भोक खांबापासून निदान सव्वा फूट लांब हवं, नाहीतर पायडल फिरवताना खांबावर आपटेल. हात खांबाला एका बोल्टवर कधीच लावू नका. सायकलचं वजन सीटच्या दांड्याच्या बरंच पुढे असतं, त्यामुळे सायकल पुढच्या चाकाकडे झुकत हाताला पीळ देते. दोन बोल्ट घ्या, एक वर, एक खाली, जरा तिरपे.

आता जबडा. पकडायचा तो सीटचा दांडा. फ्रेमची आडवी दांडी नाही, कितीही मऊ कापड गुंडाळलं तरी नाही. हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे पाइप मधे पातळ असतात, एकदा चेपले की फ्रेम गेली. कार्बनचा दांडा असेल तर ती सायकल या बाकावर आणूच नका.

हाताच्या टोकाशी, त्याच उंचीचा आणि जाडीचा नऊ इंची तुकडा शेजारी लावायचा. मागच्या टोकाला बिजागरी, पुढच्या टोकाला आरपार 12 मिमीचा लांब बोल्ट आणि हाताने फिरवायचा पंखांचा नट. अडकित्त्यासारखं तोंड, त्यात दांडा. बिजागरीपासून पाच इंचांवर दोघांच्या सांध्यावर उभं भोक पाडायचं.

हे भोक दोन्ही तुकडे एकमेकांना घट्ट चिकटवून पाडलं की सगळं वाया जातं. तोंड मिटलं की लाकूड लाकडाला टेकतं आणि दांडा आत खुळखुळतो. नट पुढे फिरवून काही होत नाही, आवळायला जागाच उरत नाही. मला हे उमगायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून सांगतो: दोन्ही तुकड्यांमध्ये 4 मिमी प्लायची पट्टी घाला, शिकंज्यात आवळा आणि मग त्या पट्टीच्या मध्यावर 32 मिमीचं भोक पाडा. पट्टी काढून टाकली की तोंड 28 मिमीपर्यंत मिटू शकतं. साध्या सायकलचा दांडा 25 मिमीच्या आसपास असतो, गिअरच्या अनेक सायकलींचा 27.2. दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिमी रबर धरलं की पहिला 29 होतो, दुसरा 31.2. दोन्ही नीट पकडले जातात आणि लाकडांत फट राहते. ती फट दिसली की समजा काम जमलं.

भोक हातातल्या ड्रिलने पाडू नका. तीन इंच खोलीत बिट वाकडा जातो. उभ्या स्टँडचं ड्रिल असलेल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जा, चार पैसे द्या. होल सॉ, म्हणजे मोठं गोल भोक पाडणारी दातेरी वाटी, एका बाजूने पुरत नाही, दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडून घ्या. बोल्टचं भोक मात्र हलत्या तुकड्यात जरा लांबट ठेवा, कारण तो तुकडा गोलाईत उघडतो.

अस्तराला पंक्चरवाल्याकडची फाटकी ट्यूब. टॉवेलचा तुकडा लावा म्हणणारे खूप, सोलापुरात टॉवेलला काय तोटा! पण सुती कापड घसरतं आणि त्यात वाळू अडकते. तीच वाळू दांड्यावर ओरखडे काढते. पोरांच्या सायकलचा दांडा बारीक असतो, तिथे रबराचा आणखी एक थर.

सायकल लावण्याआधी सीट वर घ्या, जबड्याला दांड्याचे तीन इंच मोकळे लागतात. मूळ उंचीवर चिकटपट्टी लावून ठेवा आणि अडीच इंच दांडा फ्रेमच्या आत राहू द्या. लटकल्यावर पुढचं चाक थोडं खाली झुकतं, झुकू द्या. हँडल फिरू नये म्हणून एका नाडीने बाकाला बांधा.

चाकातला आऊट, म्हणजे रिमची डावी-उजवी डुगडुग, काढायला वेगळा स्टँड नको. फोर्कला एक पेन्सिल बांधून तिचं टोक रिमला टेकेल न टेकेल असं ठेवा. रिम ज्या बाजूला जाते, तिच्या विरुद्ध बाजूची तार पाव-पाव फेरा आवळा. जाम झालेल्या निपलवर, म्हणजे तारेच्या टोकाच्या नटावर, आधी तेलाचा थेंब टाका.

चेनला मेण द्यायचं असेल तर टेक्याला एक खिळा ठोका, गरम चेन तिथे निथळते. चेन आधी रॉकेलमध्ये स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा, ग्रीस राहिलं तर मेण धरत नाही. मेण थेट गॅसवर वितळवू नका, पेट घेतं. पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून साधं पॅराफिन वितळवा, ते 50-60 अंशांच्या आसपास पातळ होतं. चेन आत सोडा, बुडबुडे थांबले की बाहेर काढा आणि गार झाल्यावर प्रत्येक कडी हाताने मोडून मोकळी करा. आपल्या काळ्या मातीची धूळ तेलावर थापली जाते, मेणावर तेवढी नाही. पावसात भिजली तर मात्र परत मेण द्यावं लागतं, नाहीतर चार दिवसांत गंज.

उन्हाळ्यात लाकूड आकसतं, तेव्हा खांबाचे बोल्ट एकदा तपासा. आणि मेणाचं भांडं परत स्वयंपाकघरात नेऊ नका.