अडेनियम: पावसाळ्याआधी बुंध्याची काळजी

मृगाचा पाऊस धरण्याआधीच अडेनियमच्या कुंड्यांची सोय लावून घ्यावी. हे झाड मूळचे पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातले. आपला मे महिना ते फुगीर बुंध्यातल्या पाण्यावर काढते. त्याला मारते ती जून ते ऑगस्टची झड. कुंडीतले माध्यम (मातीच्या जागी भरलेले मिश्रण) दिवसेंदिवस ओले राहते, मुळे गुदमरतात आणि पिथियम, फायटोप्थोरासारखे रोगकारक मुळांतून बुंध्यात शिरतात.

शेडनेटने पाऊस अडत नाही, उजेड मात्र कमी होतो. त्याऐवजी २०० मायक्रॉनचा पारदर्शक यूव्ही (उन्हात टिकणारा) प्लास्टिक कागद उतार देऊन, बाजू मोकळ्या ठेवून बांधावा. कोकणात याला पर्याय नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून कुंड्या विटांवर ठेवाव्यात.

कुंडीत भरपूर पाणी ओतून पाहा. वर पाणी तुंबत असेल तर मेअखेरपर्यंत माध्यम बदला: दोन भाग विटांचे चाळलेले तुकडे (५ ते ८ मिमी), एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत. निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) वाढवलेली रोपे पावसात हमखास जातात. मुळे दुखावली असतील तर सहा-सात दिवस पाणी देऊ नये. पावसाळ्यात मुळांची छाटणी टाळावी, जखमा लवकर सुकत नाहीत.

दर आठवड्याला मातीलगत बुंधा अंगठ्याने दाबावा. उन्हाळ्यात सगळा बुंधा सारखाच मऊ लागला तर झाड तहानलेले असते. पावसाळ्यात एकाच बाजूला बोट आत जाते, सालीखालून तपकिरी पाणी येते, ती कूज. अशा झाडाला पाणी बंद करून ते उपटावे आणि स्वच्छ पांढरा गर दिसेपर्यंत कापावे. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसावी, नाहीतर कूज निरोगी भागात जाते. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावून झाड सावलीत, हवेशीर जागी ७ ते १० दिवस टांगावे. मगच कोरड्या माध्यमात लावावे. अनेकजण सवयीने कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ओततात. पिथियम-फायटोप्थोरावर ते चालत नाही. शेजारच्या कुंड्यांना मेटालॅक्झिल ८% + मॅन्कोझेब ६४% हे बुरशीनाशक मिश्रण लिटरभर पाण्याला २ ग्रॅम घेऊन एकदा आळवणी करावी (मुळाशी ओतावे).

याच दिवसांत पाने रातोरात फस्त झाली तर डोक्यामागे दोन निळे डोळे असलेली जाड हिरवी अळी शोधा. ती कण्हेरीवरचीच, हाताने वेचणे पुरते. अडेनियमचा चीक कण्हेरीसारखाच विषारी असतो. हातमोजे घालूनच कापावे आणि कापलेले तुकडे गुराढोरांच्या वाटेत टाकू नयेत.