‘पाजणं बंद करा’ म्हणण्याआधी

डिचोलीत औषधांच्या दुकानात लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. एक बाळंतीण सेफॅलेक्सिन या अँटिबायोटिकची चिठ्ठी घेऊन आली. छातीत गाठ, अंगात ताप. "अंगावर पाजते, चालेल ना?" मी खोक्यातला कागद उलगडला, ‘स्तनपानात जपून’ एवढं वाचलं आणि सांगून टाकलं, "गोळ्या संपेपर्यंत नको." तिसऱ्या दिवशी नवरा दारात, "दूध पावडरीचो डबो दी." तिची छाती दगडासारखी झाली होती, ताप वाढला होता. अशा गाठीत पाजत राहणं हा उपचाराचाच भाग, आणि औषधही बाळाला चालणारं होतं. डबा न देता मी त्याला परत डॉक्टरांकडे पाठवलं.

खोक्यातला कागद कंपनी आपली कातडी वाचवायला लिहिते. काउंटरवर नव्याने उभं राहणाऱ्याने आधी फोनवर लॅक्टमेड उघडायला शिकावं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 2006 साली सुरू केलेला हा माहितीसंच फुकट आहे. औषध दुधात किती उतरतं, बाळावर काय परिणाम, दूध कमी होतं का, हे सगळं त्यात सापडतं. मी मात्र आधी शेवटी दिलेले पर्याय बघतो. डॉक्टरांना फोन करून "हे नको" म्हटलं की ते वैतागतात, "त्याऐवजी हे चालेल का?" म्हटलं की ऐकतात.

आपली अडचण वेगळीच. लॅक्टमेडवर आपल्याकडची ब्रँडनावं सहसा सापडत नाहीत. सर्दीची साधी गोळी घ्या: पॅरासिटामॉल, फेनिलएफ्रिन, क्लोरफेनिरामिन, कधी कॅफिनसुद्धा. प्रत्येक घटक वेगळा शोधावा लागतो. पॅरासिटामॉल बिनघोर, पण नाक सुकवणारी औषधं दूधही आटवू शकतात, आणि क्लोरफेनिरामिनने बाळ सुस्तावू शकतं.

आकडा लागतो तो एकच. आईच्या किलोमागे डोसच्या तुलनेत बाळाच्या किलोमागे दुधातून किती जातं, त्याची टक्केवारी. 10 टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक वेळा चालतं. बहुतेक वेळा. कोडीन हे वेदनाशामक काही आयांच्या शरीरात फार वेगाने मॉर्फिन बनतं आणि दुधातून बाळापर्यंत पोचतं. 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, पाजणाऱ्या आयांसाठी कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही दोन्ही वेदनाशामकं नको म्हटलं. कर्करोग-संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट किंवा किरणोत्सारी आयोडीन दिसलं तर स्वतः ठरवू नका, थेट डॉक्टरांना विचारा.

घाईच्या वेळी स्पेनचं ई-लॅक्टान्सिया हे संकेतस्थळ बरं, धोक्याची पातळी लगेच दिसते. पण काहीही उघडण्याआधी बाळाचं वय विचारा. तीन आठवड्यांचं, त्यातून अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि भाकरी चघळणारं दहा महिन्यांचं बाळ, दोघांना एकच उत्तर नसतं.

आणि काढा, शतावरी, मेथीचे लाडू वेगळे विचारा. "दुसरं औषध चालू आहे का?" या प्रश्नावर ते कोणी सांगत नाही, घरच्यांच्या लेखी ते औषधच नसतं.