जुनी फोर-बाय-फोर घेताय? पुढची चाकं ओढतात का ते बघा

गोव्यात वाळपईला माझं गॅरेज आहे. काजूच्या डोंगरावर चढणाऱ्या, कुळागरातून सुपारी काढणाऱ्या जिप्सी आणि थार माझ्याकडे येतात. घेणारा फोर-व्हीलची लिव्हर ओढतो, डॅशबोर्डवर दिवा लागला की व्यवहार पक्का करतो. तो दिवा फक्त ट्रान्सफर केसमधला (म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीतला) स्विच दाबला गेला एवढंच सांगतो. पुढची चाकं खरंच ओढतात का, हे चाकालाच विचारावं लागतं.

गाडी मुळात फोर-व्हील ड्राइव्ह आहे का, ते आधी आरसीवर बघा. थार टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत.

गाडी बघायला येतोय म्हणून मालकाने ती आधीच गरम करून ठेवू नये, असं फोनवरच सांगा. थंड गाडीखाली जाऊन पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचे) आणि ट्रान्सफर केसचे ऑइल भरायचे बोल्ट उघडा, बोट घालून तेल बघा. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. आपल्याकडे हे नेहमीचंच. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपना ओहोळ पार करावे लागतात. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि हवा आत-बाहेर जायची ब्रीदरची नळी चिखलाने बुजलेली असली की सीलमधून पाणी ओढलं जातं. तेलात लोखंडाचा चुरा चमकला तर तिथेच थांबा.

आता खरी परीक्षा. मऊ मातीवर गाडी फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) घाला. पुढच्या चाकांच्या मध्यावर हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही लॉक करा. थोडी पुढे नेऊन इंजिन बंद करा, गिअर न्यूट्रल ठेवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून चिऱ्याच्या तुकड्यांची उटी लावा. पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. गाडीखाली मात्र शिरू नका. चाक थोडं हललं आणि अडलं तर यंत्रणा जोडली गेलीय. गरगर फिरलं तर दुसऱ्या माणसाला लांबून ट्रान्सफर केसकडून पुढच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टवर नजर ठेवायला सांगा. चाकाबरोबर शाफ्टही फिरत असेल तर दोष ट्रान्सफर केसकडे. शाफ्ट जागचा हलत नसेल तर हब किंवा ॲक्सल. दुरुस्तीच्या खर्चात या दोन्हींत बराच फरक पडतो, म्हणून भाव ठरवण्याआधी हे कळायलाच हवं. मग टू-हायमध्ये (फक्त मागची चाकं) टाकून बघा: तेच चाक आता मोकळं फिरलं पाहिजे.

चालवून बघायचं ते सुट्या मातीवर, डांबरावर नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, आणि सगळा ताण शाफ्ट-गिअरवर येतो. वाळू हवी म्हणून किनाऱ्यावर मुळीच नेऊ नका. तिथे गाडी घालायला बंदी आहे, आणि मिठाचं पाणी चासी खातं. फोर-हायमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा. पुढून टक-टक आवाज आला तर ॲक्सलचे जॉइंट गेलेत.

फोर-लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त ताकद) मात्र कुणी तपासतच नाही, आणि बागेच्या चढावर तोच लागतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून फोर-व्हीलची लिव्हर फोर-लोवर घाला. पहिल्या गिअरमध्ये ॲक्सलरेटर न देता तिने चढ धरला पाहिजे. मग तोच उतार पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय तयार ठेवून पण न दाबता उतरा. इंजिनने गाडी अडवून धरली पाहिजे. लिव्हर हाताखाली थरथरून न्यूट्रलला उडी मारत असेल तर आतला फोर्क किंवा स्लीव्ह झिजलाय. ट्रान्सफर केस उघडल्याशिवाय तो दोष जात नाही.

शेवटी परत टू-हायमध्ये आणा. लिव्हर अडली तर दोन पावलं रिव्हर्स घ्या, ताण सुटतो. मग इंजिन बंद करून पुन्हा खाली वाका आणि सीलच्या कडेने ताजं तेल ओघळलंय का ते बघा.