इशिहारात अडकलात आणि वैमानिक व्हायचंय? आधी मेडिकल, मग फी

विमान शिकण्याचा खर्च आज पन्नास लाखांच्या घरात जातो आणि रंगदृष्टीची तपासणी (ठिपक्यांतले आकडे ओळखायची इशिहारा चाचणी) पाच-दहा मिनिटांत होते. तरीही बऱ्याच घरांत क्रम उलटा लागतो: आधी कर्ज, मग प्रवेश, आणि मेडिकल सगळ्यात शेवटी. शिकाऊ परवान्याला क्लास टू मेडिकल पुरतं, त्यामुळे प्रशिक्षण सुरू होऊन जातं. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक परवाना, मात्र क्लास वन या अधिक कडक मेडिकलशिवाय मिळत नाही. बारामतीला शिकायचं असो, गोंदियाला की परदेशात, डीजीसीए या भारताच्या विमानवाहतूक नियामकाचं क्लास वन हातात येईपर्यंत फीचा पहिला हप्ताही भरू नका.

मेडिकलचं पहिलं पाऊल म्हणजे डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून क्लास टू. मग त्यांच्याच ई-जीसीए पोर्टलवरून पहिल्या क्लास वनसाठी तारीख घ्यायची. त्यासाठी दिल्लीचं एएफसीएमई आणि बंगळुरूचं इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन ही हवाई दलाची जुनी, जाणती केंद्रं आहेत.

त्याआधी आपला दोष नेमका कोणता, हे खासगी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन समजून घ्या. नुसतं ‘रंगांधळा’ म्हणून काहीच कळत नाही. लाल ओळखणारी यंत्रणा कमकुवत असेल तर प्रोटान, हिरव्याची असेल तर ड्यूटान. यातला सौम्य ड्यूटान सर्वांत जास्त आढळतो. प्रोटानमध्ये लाल दिवा वेगळ्या रंगाचा दिसतोच, शिवाय मंदही दिसतो. जन्मजात दोष मुलाला आईकडून येतो. तिला स्वतःला रंग बहुधा नीट दिसत असतात, म्हणून आईच्या वडिलांना आणि मामांना विचारा.

दोन्ही डोळ्यांत फरक असेल किंवा पूर्वी नीट दिसणारे रंग आता फिके वाटत असतील, तर तो जन्मजात दोष नसावा. काचबिंदू, डोळ्याच्या नसेची सूज, क्षयरोगावरचं इथॅम्ब्युटॉल यांनीही रंगदृष्टी बिघडते. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद न करता लगेच डॉक्टरांना गाठा, कारण वेळेवर उपचार झाले तर दृष्टी सुधारू शकते. म्हणूनच प्रत्येक डोळा वेगळा तपासून घ्या.

इशिहाराची चाचणी साधी वाटते, पण ती कशी घेतली जाते यावर बरंच ठरतं. ठिपक्यांची प्लेट डोळ्यांपासून सुमारे 75 सेंटिमीटरवर, नजरेशी काटकोनात धरतात आणि आकडा सांगायला साधारण तीन सेकंद मिळतात. उजेड दिवसाच्या प्रकाशासारखा पांढरा लागतो. पिवळ्या बल्बखाली किंवा उन्हाने विटलेल्या जुन्या पुस्तकावर निकाल दोन्हीकडे चुकतो: दोष असलेला सुटतो आणि नसलेला अडकतो. मोबाइलवरच्या चाचणीचंही तसंच, स्क्रीनचा नाइट मोड सगळं बिघडवतो. आकडे पाठ करू नका. प्लेट्स उलटसुलट क्रमाने दाखवतात आणि पुढच्या टप्प्यात पाठांतर कामाला येत नाही. रंगीत काचेचा चष्मा किंवा टिंटेड कॉन्टॅक्ट लेन्स लावून गेलात तर ती तपासणी ग्राह्य धरत नाहीत. रंगांधळेपणा ‘बरा’ करणारे म्हणून विकले जाणारे चष्मे याच प्रकारात येतात.

इशिहारात चुकलात म्हणजे दार बंद झालं, असं नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या नियमानुसार, विमानवाहतुकीत वापरले जाणारे रंगीत दिवे उमेदवार बिनचूक ओळखत असेल तर त्याला फिट धरता येतं. त्यासाठी लँटर्न चाचणी असते: अंधाऱ्या खोलीत लाल, हिरवे, पांढरे छोटे दिवे दाखवतात आणि तुम्ही रंग सांगायचा. अडखळून, आधीच्या दिव्याशी ताडून उत्तर देऊ नका. ‘अनफिट’ असा निकाल आलाच, तर पत्रातलं कारण आणि अपीलची मुदत त्याच दिवशी वाचा.

ब्रिटनमध्ये 24 प्लेट्सच्या आवृत्तीतल्या पहिल्या 15 बिनचूक वाचाव्या लागतात. नाहीच जमल्या तर सीएडी ही संगणकावरची चाचणी होते. ती दोष किती तीव्र आहे ते मोजते: ड्यूटानला मर्यादा 6 एकक, प्रोटानला 12. हा आकडा हातात असला की आपण कुठे उभे आहोत ते कळतं, म्हणून सोय असेल तिथे ती जरूर करून घ्या. अमेरिकेत 1 जानेवारी 2025 पासून नव्या अर्जदारांना संगणकीय चाचणीच द्यावी लागते. नापास झाल्यास मेडिकलवर फक्त दिवसा, उघड्या हवामानात उडण्याची मर्यादा येते. त्या शेऱ्यावर एअरलाइनची नोकरी होत नाही. आणि परदेशातून सीपीएल आणलं, तरी ते भारतीय परवान्यात बदलताना डीजीसीएचं क्लास वन लागतंच. इथे बऱ्याचदा पैसा बुडतो.

हा नियम अडवणुकीसाठी आहे असं वाटत असेल तर ‘पापी’ (PAPI), म्हणजे उतरण्याचा कोन दाखवणारे दिवे, समजून घ्या. धावपट्टीच्या बाजूला चार दिवे एका ओळीत असतात. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उतरण्याचा कोन बरोबर. चारही लाल म्हणजे विमान फार खाली आलंय. 26 जुलै 2002 रोजी अमेरिकेत टॅलाहासी इथे पहाटेच्या अंधारात फेडएक्सचं मालवाहू बोइंग 727 धावपट्टीच्या अलीकडेच झाडांत आदळलं. तिघेही कर्मचारी वाचले. चौकशीत विमान उतरवणाऱ्या सहवैमानिकाच्या रंगदृष्टीतला दोष हे एक कारण ठरलं.

सगळे टप्पे संपले आणि निकाल बदलला नाही, तर हवाई वाहतूक नियंत्रकाच्या कामाकडे वळण्याआधी थांबा: त्यालाही क्लास थ्री मेडिकल लागतं आणि त्यात रंगदृष्टी तपासतात. ड्रोनचं रिमोट पायलट प्रमाणपत्र वेगळं आहे. 2021 च्या नियमांनुसार वय 18 ते 65, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण, एवढ्यावर ते मिळतं.