एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसत नाहीये? आधी हे बघा

डिस्क लावली, लाइट पण लागला, पण कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही, अशा वेळी बहुतेकदा गुन्हेगार केबलच असते, म्हणून आधी दुसरी केबल लावून बघा आणि हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) काढून डिस्क थेट पोर्टला लावा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपियरच देतो, ३.० वाला ९००, त्यामुळे करंट कमी पडला की डिस्क अर्धवट चालू होते.

तरी नाही दिसली तर विंडोजमध्ये स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे डिस्क आहे पण तिला D:, E: सारखं अक्षरच नाहीये, असं बऱ्याचदा होतं, मग त्या पार्टिशनवर (डिस्कच्या त्या भागावर) राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या, झालं काम. पण तिथे 'रॉ' (म्हणजे विंडोजला डिस्कवरची रचना ओळखता येत नाही) किंवा 'अनअलोकेटेड' (म्हणजे पार्टिशनच सापडत नाही) दिसलं, किंवा विंडोज फॉरमॅट करू का विचारायला लागलं तर घाईत हो म्हणू नका हां, आधी डेटा रिकव्हर करायचं बघा. कधीकधी डिस्क मॅकवर फॉरमॅट केलेली असते म्हणूनही असं विचारतं, तेव्हा ती मॅकला लावून बघा.

आणि आतून टकटक आवाज येत असेल तर सरळ काढून ठेवा, परत परत लावून बघू नका, डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडेच द्या.